तिसऱ्या ओळीभोवतीचं लाल वर्तुळ

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं अपेक्षाभंग नको. तुमचं इंटरनेट का बंद पडलं, हे आम्हाला बहुतेक वेळा माहीत नसायचं. तुम्ही फोन करायचात, आम्ही 'बघतो' म्हणायचो, दोन डबे बंद करून परत चालू करायचो, आणि नेट आलं की 'वरूनच प्रॉब्लेम होता' असं ठोकून द्यायचो. वरून म्हणजे नेमकं कुठून, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, त्याबद्दल समस्त गिऱ्हाइकांचे आभार.

औरंगपुऱ्यात एका साडीच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. संभाजीनगर शहर, वाळूजचे कारखाने आणि अजिंठ्याच्या रस्त्यावरची हॉटेलं यांना इंटरनेट पुरवणारी छोटी कंपनी. तिथं मी बावीस वर्षं काढली. दारावरच्या पाटीवर 'नेटवर्क प्रमुख' असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षातलं काम म्हणजे मशीनच्या खोलीतल्या एसीखाली स्वेटर घालून बसायचं आणि फोनवर शिव्या खायच्या. बाहेर मे महिन्याचा वणवा पेटलेला असताना मी स्वेटर घालून जिना उतरायचे, तेव्हा साडीच्या दुकानातले सेल्समन एकमेकांना कोपरानं ढोसायचे. या बाईला काहीतरी आजार असावा, असं त्यांचं ठरलेलं होतं.

आमच्याकडं हत्यार म्हणाल तर एकच, ट्रेस. कुठलंही दुखणं असो, पहिला प्रश्न तोच, "ट्रेस मारला का?" डॉक्टर जसं आधी जीभ दाखवायला सांगतात, तसंच. आणि खरं सांगायचं तर जीभ बघून जेवढं कळतं, साधारण तेवढंच ट्रेस बघून कळतं.

ज्यांनी ट्रेस कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी एसटीच्या भाषेत सांगते. समजा, वाळूजहून निघालेली पिशवी कुठल्या रस्त्यानं लांबच्या गावी जाते, हे तुम्हाला शोधायचंय. पहिल्या पिशवीवर लिहायचं, 'एकच हात'. ती पहिल्या कंडक्टरपाशी थांबते आणि तो उलटा निरोप धाडतो, 'पिशवी माझ्यापाशी संपली, मी अमुक.' दुसरीवर लिहायचं, 'दोन हात'. ती दुसऱ्या कंडक्टरपाशी थांबते, तो निरोप धाडतो. असं करत करत शेवटच्या गावापर्यंत जायचं. आलेले निरोप एकाखाली एक लिहिले की झाली वाटेची यादी. पिशवी दिल्यापासून निरोप येईपर्यंत किती वेळ गेला, तो आकडा प्रत्येक ओळीपुढं. निरोप आलाच नाही तर तिथं चांदणी उमटते, फोनवर असते ना, तसली स्टारची खूण.

आता यातली मेख ऐका. चांदणी दिसली म्हणजे गाडी घाटात पडली असं नव्हे. कंडक्टर तिकिटं फाडण्यात गुंतलेला असेल, तुमच्या निरोपाला त्याच्याकडं वेळ नसेल. नावाचंही तसंच. गाडी निघाली जळगावला आणि पाटी अजून बीडचीच, हे आपण रोज बघतो. इंटरनेटच्या वाटेवरचे कंडक्टर म्हणजे राउटर नावाचे डबे, त्यांच्यावरही अशा जुन्या पाट्या लटकत असतात. शहराचं नाव बदलून झालं, पण आमच्या निम्म्या डब्यांची नावं अजून जुन्या तीन इंग्रजी अक्षरांनीच सुरू होतात, कारण बदलायचं काम माझ्याकडं होतं.

आणि सगळ्यात मोठी मेख परतीची. यादीत दिसतो तो फक्त जायचा रस्ता. निरोप कुठल्या रस्त्यानं परत आला, हे कंडक्टर सांगत नाही आणि कागदावर ते कुठंही दिसत नाही. वेळ मात्र जाण्यायेण्याची मिळून मोजलेली. म्हणजे येताना कुणी तिसरीकडंच अडकलं, तरी उशिराचा आकडा बिचाऱ्या कंडक्टरच्या नावापुढं. हे मी बावीस वर्षं प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवलं. लई पोटतिडकीनं शिकवलं. स्वतःवर वेळ आली तेव्हा मीच विसरले, तीच गोष्ट सांगायला बसलेय.

त्याआधी टाकळकर सरांची ओळख करून द्यायला हवी, कारण या प्रकरणात त्यांचाही नकळत हात आहे. सर भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक, सिडकोत राहायचे. कुणीतरी त्यांना ट्रेस मारायला शिकवलं, आणि तेव्हापासून माझ्या नशिबी रोज सकाळी त्यांचा फोन. सर दररोज देवपूजा झाली की ट्रेस मारायचे आणि पाचव्या ओळीवर चांदण्या दिसल्या की मला कळवायचे. मी म्हणायचे, सर, पुढच्या ओळी नीट आहेत ना, मग पाचवा डबा आळशी आहे, आजारी नाही. सरांना पटायचं. दुसऱ्या दिवशी परत फोन. एकदा त्यांना शोध लागला की त्यांनी जालन्याला पाठवलेला मेसेज मुंबईला जाऊन जालन्याला येतो. भूगोलाच्या माणसाला ते सहनच होईना. शेजारच्या घरी वाटीभर भाजी द्यायला कुणी मुंबईला जातं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सर, दोन्ही घरांचं बोलणं बंद असेल तर जातं. आमची आणि जालन्याच्या कंपनीची थेट जोडणी नव्हती, दोघं भेटायचे ते मुंबईतच.

आता मूळ गोष्ट. आमच्या कंपनीला बाहेरच्या जगात जायला दोन वाटा होत्या. एक पुण्याकडून, दुसरी सिल्लोड, फर्दापूर करत जळगावकडून. फर्दापूरला, म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यांखालच्या गावात, एका हॉटेलच्या मागं आमची छोटी खोली होती. आत दोन डबे, बॅटऱ्या, एक पंखा आणि रऊफभाई.

रऊफभाई त्या खोलीचा सगळा कारभार बघायचे. पंधरा वर्षं. वायर जोडणं, बॅटरीत पाणी घालणं, उंदीर मारणं, केबल तुटली की सिल्लोडपर्यंत मोटरसायकलवर शोधत जाणं. गावात त्यांना 'नेटवाले रऊफभाई' म्हणत, आणि हॉटेलवाले त्यांना चहा पाजल्याशिवाय पुढं सोडत नसत. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. आवाज बारीक, मिशी भरघोस. फोनवर कधी 'हॅलो' म्हणायचे नाहीत, थेट मुद्द्याला हात. इतकी वर्षं एकत्र काम करून मी त्यांना प्रत्यक्ष तीनदाच भेटले होते. बाकी सगळा संसार फोनवर.

त्या वर्षी अजिंठ्याच्या रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. तो रस्ता इतकी वर्षं रुंद होत होता की एव्हाना त्यावर विमान उतरायला हवं होतं. जेसीबीनं आमची केबल तोडणं हे आठवड्याचं ठरलेलं. एकदा मात्र अशी तोडली की जोडायला दोन दिवस लागणार होते. तेवढ्यापुरती मी सगळी वाहतूक पुण्याच्या लाइनवर वळवली. यासाठी दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, आपल्या औरंगपुऱ्याच्या डब्याला सांगायचं की जाताना फर्दापूरकडून जाऊ नको. दुसरी, पलीकडच्यांना, म्हणजे फर्दापूरच्या डब्याला आणि बाहेरच्या जगाला सांगायचं की आमच्याकडं येताना पुण्याकडून या. जायचं वेगळं, यायचं वेगळं. दोन्ही मी केलं.

दोन दिवसांनी दुपारी रऊफभाईंचा फोन आला. लाइन जुडली, मॅडम, रस्ता परत फिरवा, दोन्ही बाजूंनी. मी म्हटलं, फिरवते. औरंगपुऱ्याच्या डब्यावरची जायची बाजू पूर्ववत केली. यायच्या बाजूला हात घालणार तेवढ्यात टेबलावरचा दुसरा फोन वाजला. टाकळकर सर. पाचव्या ओळीवर परत चांदण्या. मी सरांना एक्कावन्नाव्यांदा आळशी आणि आजारी यातला फरक समजावला, त्यात अर्धा तास गेला, मग डबा खाल्ला आणि यायची बाजू डोक्यातून साफ निघून गेली. नेट तर चालू होतं. चालू नेटकडं आमच्या धंद्यात कुणी ढुंकूनही बघत नाही.

महिन्याभरानं वाळूजचे बोडखे साहेब पेटले. बोडख्यांचा गिअर बनवायचा कारखाना. माल जर्मनीला जायचा आणि तिकडचा साहेब रोज दुपारी तीन वाजता व्हिडिओवर मालाची तपासणी बघायचा. कॅमेऱ्यासमोर गिअर ठेवायचा, माप घ्यायचं, तिकडून 'ओके' आलं की पेटी बंद. पण तीन वाजले की चित्र गोठायला लागलं. जर्मन साहेबाला रोज बोडख्यांचा उघडा जबडा तेवढा दिसायचा, हातातला गिअर दिसायचा नाही. आठवडाभर हे झाल्यावर तिकडून पत्र आलं की तपासणी नीट दिसली नाही तर पुढची ऑर्डर धरू नका. बोडख्यांनी आमच्या मालकांना फोन करून जे काही सुनावलं, ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही.

आमच्या मालकांचा कागदावर भारी विश्वास. स्क्रीनवरचं त्यांना खरंच वाटायचं नाही. कुठलीही तक्रार आली की ट्रेस मारायचा, तो छापायचा, दोषी ओळीभोवती लाल पेनानं वर्तुळ काढायचं, कागद परत स्कॅन करायचा आणि सगळ्यांना मेल करायचा, ही ऑफिसची रीतच पडलेली होती. आमच्या धंद्यात त्याला 'पुरावा' म्हणतात. आकडे ज्या ओळीपासून बिघडले, ती ओळ ज्याची, तो गुन्हेगार. वरच्या मोठ्या कंपन्यासुद्धा हेच करतात, फक्त त्यांचं वर्तुळ कॉम्प्युटरनं काढलेलं असतं.

मी तीन वाजता वाळूजहून जर्मनीपर्यंत ट्रेस मारला. पहिली ओळ बोडख्यांची, आकडा चांगला. दुसरी आमच्या औरंगपुऱ्याची, चांगली. तिसरी फर्दापूरची. तिथं एक चांदणी आणि आकडा एकदम दहापट. तिथून खाली शेवटपर्यंत सगळे आकडे तसेच फुगलेले. ही नुसती आळशी डब्याची चांदणी नव्हती, पुढचंही सगळं बिघडलं होतं. कुठल्याही शहाण्या माणसानं म्हटलं असतं की दुखणं फर्दापूरला आहे. मी तर नेटवर्क प्रमुख, त्यामुळं मी ते जरा मोठ्यानं म्हटलं.

रऊफभाईंना फोन लावला. त्यांनी दोन दिवस घालून सगळे सांधे पुसले, वायरी बदलल्या, मीटर लावून फायबर केबलमधला उजेड मोजला आणि सांगितलं की सगळं ठीक आहे. मी म्हटलं, परत बघा. त्यांनी परत बघितलं. तिसऱ्यांदा मी जरा चढ्या आवाजात बोलले, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, माझा मीटर सांगतोय लाइन एकदम साफ हाय. तुमचा कागद काय जळगावपर्यंत येऊन बघून गेला का?" मला राग आला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्या माणसानं माझ्या कागदावर शंका घेतली होती, आणि मालक शेजारी उभे होते.

मी कागद छापला. लाल पेन घेतलं. तिसऱ्या ओळीभोवती वर्तुळ काढलं, आणि एकदा काढून समाधान झालं नाही म्हणून त्यावरच परत गिरवलं. खाली लिहिलं, 'बिघाड फर्दापूर येथे. देखभालीत हयगय.' हयगय हा शब्द माझा. मालकांनी सांगितला नव्हता. तो कागद मेलनं अकरा जणांना गेला. मालक, बोडखे, त्यांचा मॅनेजर, फर्दापूरची तीन मोठी हॉटेलं, सिल्लोडचा ठेकेदार, असे सगळे.

पुढच्या सोमवारपासून रऊफभाईंना काढलं. ते ठेकेदाराच्या हाताखाली होते, त्यामुळं काढायला एक फोन पुरला. त्यांच्या जागी मालकांच्या साडूच्या ओळखीतला एक माणूस आला. सज्जन होता बिचारा, पण बॅटरीत पाणी घालतात हे त्याला माहीत नव्हतं. रऊफभाईंचा मला एकच फोन आला. ते म्हणाले की हॉटेलवाले आता त्यांना हटकतात, इतकी वर्षं आमचं नेट तुमच्यामुळंच बंद पडायचं का म्हणून. नोकरीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मी म्हटलं, बघते काय करता येतंय ते. काहीही बघितलं नाही.

गंमत म्हणजे तीन वाजले की बोडख्यांचा जबडा अजूनही उघडाच. नवीन माणूस आला, तरी तेच. मालकांनी फर्दापूरला नवा डबा बसवला, तरी तेच. मी रोज ट्रेस मारायचे, रोज तिसरी ओळ तशीच लाल. मग आम्ही 'मुळातच तिकडची हवा दमट आहे' इथपर्यंत पोचलो. फर्दापूरची हवा दमट! खरं सांगते, हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगितलं आणि त्यानं मान डोलावली.

दीड महिन्यानं एका दुपारी रऊफभाई औरंगपुऱ्यात जिना चढून आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. बसा म्हटलं तर बसले नाहीत. फर्दापूरला त्यांचे एक दोस्त आहेत, जर्मन बोलणारे गाइड. परदेशी पाहुण्यांना लेणी दाखवतात. त्या गाइडची तिकडच्या एका निवृत्त शिक्षिकेशी ओळख होती. बाई दहा वर्षांपूर्वी अजिंठा बघून गेल्या होत्या आणि दर नाताळाला मेसेज करायच्या. रऊफभाईंनी गाइडला धरलं, गाइडनं बाईंना. बाईंना कॉम्प्युटरचं फारसं कळत नव्हतं. मग फोनवर एकेक अक्षर सांगून, तीन दुपारी खपून, या दोघांनी त्या बाईंकडून त्यांच्या घरातून, आपल्याकडं तीन वाजलेले असताना, ट्रेस मारून घेतला. जर्मनीहून वाळूजकडं. म्हणजे आमच्या उलटा. तिकडून यायचा रस्ता, जो माझ्या कागदावर कधीच येणार नव्हता.

त्यांनी कागद माझ्यासमोर उलगडला. जर्मनीतली चारपाच नावं, मग मुंबई, मग पुणे, मग आमचा औरंगपुरा, मग बोडखे. पुणे आणि औरंगपुरा यांच्यामध्ये आकडा टम्म फुगलेला.

"यात फर्दापूर कुठंय, मॅडम?" रऊफभाईंनी विचारलं.

नव्हतंच. वरून खाली दोनदा वाचलं, नव्हतंच. माझ्या स्वेटरच्या आत घाम फुटला. जायचा रस्ता फर्दापूरवरून होता, अगदी मोकळा, रऊफभाईंच्या मीटरनं सांगितलं तसा साफ. यायचा रस्ता मात्र अजून पुण्याकडून होता, कारण दोन दिवसांसाठी मीच तो तिकडं वळवला होता आणि परत फिरवला नव्हता. दोनेक महिन्यांपासून रोज तीन वाजता शहरातल्या कोचिंग क्लासचे नवे ऑनलाइन तास सुरू व्हायचे आणि पुण्याची लाइन तुंबायची. बोडख्यांचं चित्र जायचं मोकळ्या रस्त्यानं, पण 'मिळालं' ही तिकडची पोच या लाइनीतून उशिरा यायची आणि पोचेवाचून पुढचं चित्र सुटायचं नाही. फर्दापूरच्या डब्याचा निरोपसुद्धा जळगाव, मुंबई, पुणे असा वळसा घालून, त्या तुंबलेल्या लाइनीतून मला मिळत होता. उशीर पुण्याकडं आणि नाव फर्दापूरचं.

मी त्यांच्यादेखत यायची बाजू पूर्ववत केली. मोजून दोन ओळी टाइप केल्या. तीन वाजायला दहा मिनिटं होती. आम्ही दोघं घड्याळ बघत बसलो, म्हणजे मी बसले, ते उभेच. तीन वाजता बोडख्यांना फोन लावला. ते आनंदानं ओरडत होते की जर्मन साहेबानं आज पहिल्यांदा त्यांचं तोंड मिटलेलं पाहिलं. मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. समोर ज्याची नोकरी मी घालवली तो माणूस उभा होता.

रऊफभाई म्हणाले, आता मला कागद पाहिजे. मी म्हटलं, मालकांशी नोकरीचं बोलते. ते म्हणाले, नोकरीचं नंतर, आधी कागद. मग मी टाइप केलं, 'फर्दापूर येथे बिघाड नव्हता. तांत्रिक सेटिंगमुळे अडचण आली होती. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' एक प्रत मालकांना मेल केली, एक छापून रऊफभाईंच्या हातात दिली. बऱ्यापैकी धाडस केल्याचा भाव माझ्या चेहऱ्यावर असणार.

त्यांनी सावकाश वाचलं. "सेटिंग कुणाची, ते नाय लिहिलं," ते म्हणाले. मी 'तांत्रिक' या शब्दाआधी 'साळवे यांनी केलेल्या' असं माझं आडनाव घातलं आणि परत छापलं. त्यांनी परत वाचलं.

"पहिला कागद अकरा जणांना गेला होता. हा किती जणांना गेला?"

दोघांना. त्यांच्यासकट. मी जुना मेल काढला, त्यातली अकराही नावं घेतली आणि नवा कागद पाठवला. मला वाटलं, संपलं, उद्यापासून स्वेटर घरी.

काहीही झालं नाही. हेच तर सांगायचंय. मालक चिडले, पण चुकीबद्दल नव्हे, गिऱ्हाइकांना कशाला कळवलं म्हणून. मी म्हटलं, पहिला कागदही गिऱ्हाइकांनाच गेला होता. त्यावर ते म्हणाले की साळवे मॅडम, तुम्ही नसाल तर हे सगळं चालवणार कोण, आणि विषय संपला. पुढच्या वर्धापनदिनाला तर त्यांनी कमालच केली. चूक मनमोकळेपणानं कबूल करणारी कर्मचारी म्हणून माझं उदाहरण दिलं, शाल घातली, नारळ दिला. चूक मी केली तर शाल मला. ज्यानं काहीच केलं नव्हतं त्याची नोकरी गेलेली. मी ती शाल घेतली, फोटोत हसलेसुद्धा. फोटो अजून आहे.

रऊफभाईंना परत घ्या म्हणून मी तीनदा मालकांच्या मागं लागले. तिसऱ्यांदा ते तयार झाले, पण नवीन माणूस म्हणून घेऊ, मागची पंधरा वर्षं धरायची नाहीत, असं म्हणाले. हे सांगायला मीच फोन केला. रऊफभाई म्हणाले, मग मला पंधरा वर्षांपूर्वीचे गुडघे पण देता का? त्यांनी नाही म्हटलं. लेण्यांच्या रस्त्यावरच्या हॉटेलांत कॅमेरे आणि वायफाय बसवायचं स्वतःचं काम सुरू केलं. दुसरा कागद हॉटेलवाल्यांनीही वाचला होता, त्यामुळं काम मिळालं. निदान तेवढं झालं.

मी मागच्या वर्षी निवृत्त झाले. रिकामपणात माणसाला नको त्या गोष्टी आठवतात. मला सारखा तो कागद आठवायचा, दुसरा. अकरा जणांना गेला होता, सेटिंग कुणाची तेही लिहिलं होतं, सगळं नियमानं. तरीही काहीतरी राहिलंय असं वाटायचं. एक दिवस सकाळी सिडको स्टँडवरून जळगाव गाडी धरली आणि फर्दापूरला उतरले. पाचवी भेट.

रऊफभाई त्यांच्या दुकानाच्या ओट्यावर वायरीला टोक बसवत होते. मिशी आता पांढरी झालेली. मला बघून त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि काम चालूच ठेवलं. इकडचं तिकडचं विचारून झालं. मग मी म्हटलं, "रऊफभाई, त्या कागदात 'दिलगीर आहोत' असं लिहिलं होतं. ते कंपनीचं होतं. तुम्ही मला 'दोन्ही बाजूंनी' म्हणून सांगितलं होतं, मी एकच केली, आणि वर हयगय तुमच्या नावावर लिहिली. माझं चुकलं. मला माफ करा."

त्यांनी हातातलं टोक नीट बसवलं, वायर ओढून बघितली आणि बाजूला ठेवली.

"औरंगपुऱ्यातून इथं यायला अडीच तास लागतात, मॅडम," ते म्हणाले. "तुम्हाला तीन वर्षं लागली."

मग त्यांनी आत हाक मारून बायकोला सांगितलं की मॅडम जेवून जातील.